वाचकांचे प्रश्न : पिटमध्ये राबणारी माणसे

(गेल्या अंकात ल माँ येथील मोटारसायकलींच्या २४ तासांच्या शर्यतीविषयी लिहिताना मी रायडरपेक्षा त्याच्या मागे उभ्या असलेल्या संघाविषयीच अधिक लिहिले होते. आलेल्या पत्रांतही बहुतेकांनी त्या संघातील कामाविषयीच विचारले आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. फ्रान्समधील एका लहान, खासगी संघात मी चार हंगाम काम केले. सुरुवातीची तीन वर्षे मी पुढच्या चाकाचा मेकॅनिक होतो आणि शेवटचे वर्ष वेळेच्या नोंदी ठेवत होतो. खालील उत्तरांना त्या अनुभवाचा आधार आहे.)

प्रश्न : शर्यत २४ तास चालायची असेल, तर गाडी टिकावी म्हणून ती सावकाशच चालवत असतील ना? आणि एकच रायडर पूर्ण वेळ चालवतो का? (नाशिक येथील एक विद्यार्थी)

उत्तर : आपला दुसरा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. १९२२ मध्ये पॅरिसजवळ ‘बोल दोर’ ही शर्यत प्रथम झाली, तेव्हा २४ तास गाडी चालवणारा रायडर खरोखरच एकटा असे, आणि पुढे अनेक वर्षे ती पद्धत कायम राहिली. आज २४ तासांच्या शर्यतीत एका गाडीवर तीन रायडर आळीपाळीने बसतात. साधारण पन्नास मिनिटांनी टाकी रिकामी होत आली की गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला संघ थांबलेला असतो त्या जागेत, येते आणि बहुतेक वेळा रायडरही बदलतो.

सावकाश चालवण्याचे म्हणाल, तर तसे आता राहिलेले नाही. ल माँचे बुगाती सर्किट ४.१८५ किलोमीटरचे आहे आणि आघाडीचे संघ शर्यतीतील एक फेरी १ मिनिट ३७ सेकंदांच्या आसपास, तीही रात्रंदिवस, पूर्ण करत राहतात. २४ तासांत आठशेहून अधिक फेऱ्या होतात, म्हणजे जवळजवळ साडेतीन हजार किलोमीटर. बोल दोर २०१५ पासून पुन्हा दक्षिण फ्रान्समधील पॉल रिकार सर्किटवर होते. तेथे मिस्त्राल नावाचा १.८ किलोमीटरचा सरळ पट्टा आहे, ज्यावर गाडी ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाते आणि प्रत्येक फेरीत इंजिन तितका वेळ पूर्ण ताणलेले राहते. तेथे इंजिने फुटतात ती याच पट्ट्यामुळे.

मात्र एका गोष्टीत या संघांना आपल्याकडच्या कोणत्याही दुचाकीस्वाराइतकीच काटकसर करावी लागते, आणि ती गोष्ट म्हणजे गाडी ‘किती देते’. नियमाप्रमाणे टाकी २४ लिटरची असते. पन्नास मिनिटांत सुमारे ३१ फेऱ्या, म्हणजे १३० किलोमीटर, असा हिशेब केला तर गाडी लिटरला साडेपाच किलोमीटरच्या आसपास देते. आता समजा, एका संघाची गाडी एका टाकीत ४८ मिनिटे धावते आणि दुसऱ्याची ५५ मिनिटे. १४४० मिनिटांच्या शर्यतीत पहिल्या संघाच्या ३० पाळ्या होतील, तर दुसऱ्याच्या २६. पिटमध्ये यायचे म्हणजे वेग कमी करणे, थांबणे आणि पुन्हा वेग घेणे, यांत पाऊण ते एक मिनिट जाते. चार थांबे वाचले की दोन फेऱ्यांची आघाडी मिळते, आणि ही आघाडी रायडरने एक क्षणही अधिक धोका न पत्करता मिळवलेली असते. म्हणूनच संघात एक माणूस केवळ पेट्रोलचा हिशेब ठेवण्यासाठी असतो. प्रत्येक थांब्याला टाकीत नेमके किती पेट्रोल गेले, अंदाज किती होता आणि दोहोंतील फरक का पडला, हे तो रात्रभर लिहीत बसतो. त्याने एखादा आकडा दडपला किंवा अंदाजाने भरला, तर पुढच्या पाळीत गाडी सर्किटच्या दूरच्या टोकाला बंद पडते आणि रायडरला ती स्वतः ढकलत आणावी लागते. मी असे ढकलत आलेले रायडर पाहिले आहेत. अंगावर चामड्याचा जाड पोशाख, डोक्यावर हेल्मेट, हातात दोनशे किलोच्या घरात वजन असलेली गाडी आणि समोर चढ!

प्रश्न : माझे स्वतःचे गॅरेज आहे. मागचे चाक उतरवून पुन्हा बसवायला माझ्याकडच्या हुशार मुलालाही वीस मिनिटे लागतात. दोन्ही चाके आणि पेट्रोल, हे सारे पंधरा-वीस सेकंदांत होते, यावर विश्वास बसत नाही. यात हातचलाखी कोणती? (कोल्हापूर येथील एक गॅरेजमालक)

उत्तर : आपल्या मुलाला वीस मिनिटे लागतात, कारण त्याच्यासमोरची गाडी झटपट चाक बदलण्यासाठी बनवलेलीच नाही. त्याला अॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचा, नट सैल करायचा, चेन ढिली करून स्प्रॉकेटवरून उतरवायची, ब्रेकचे कॅलिपर सांभाळायचे, दोन्ही बाजूंचे बुश, म्हणजे अॅक्सलवरची धातूची कडी, खाली पडू न देता चाक काढायचे आणि बसवताना हेच सारे उलट्या क्रमाने करून चेनचा ताण पुन्हा जुळवायचा. एन्ड्युरन्सच्या, म्हणजे दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींच्या, गाडीत ही प्रत्येक अडचण आधीच, कारखान्यात बसून, शांतपणे दूर केलेली असते. अनेक गाड्यांत चाक निघाले तरी मागचे स्प्रॉकेट आणि त्यावरची चेन गाडीवरच राहते, त्यामुळे चेनला हात लावावा लागत नाही. बुश चाकात किंवा फोर्कमध्ये अडकवून ठेवलेले असतात, ते सुटे पडत नाहीत. पुढचे कॅलिपर न उघडता बाजूला सरकतात किंवा फाकतात. ब्रेकची डिस्क पॅडच्या फटीत आपोआप शिरावी म्हणून कडा निमुळत्या केलेल्या असतात. अॅक्सलचे टोकही निमुळते असते, म्हणजे अंधारात, घाम आलेल्या हातांनी ते भोकात सरकवताना चाचपडावे लागत नाही. आपण ज्याला हातचलाखी म्हणता, तिचा मोठा भाग शर्यतीच्या कित्येक महिने आधी लेथवर झालेला असतो.

उरलेला भाग माणसांचा. गाडीवर एका वेळी किती जणांनी हात लावायचा यावर नियमांचे बंधन असते, त्यामुळे दहा माणसे घुसवून वेळ वाचवता येत नाही. प्रत्येकाची जागा आणि त्याचे गुडघे कोठे टेकणार, हे ठरलेले असते. गाडी थांबण्याच्या खुणेपासून वीतभर पुढे गेली तरी सर्वांची घडी विस्कटते, आणि म्हणून ती नेमक्या जागी थांबवणे हे रायडरचेही काम असते, त्याचाही सराव करावा लागतो. पेट्रोल उंचावरच्या टाकीतून स्वतःच्या वजनाने खाली येते, ते पंपाने ढकललेले नसते. नळीचे तोंड टाकीवर बरोबर बसल्याशिवाय झडप उघडत नाही आणि आत पेट्रोल जाताना आतली हवा बाहेर पडण्याची वाट वेगळी असते. शेजारी अग्निशामक घेतलेला माणूस उभा असतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो रिकामा उभा आहे असे वाटते, परंतु त्याने त्या काही सेकंदांत दुसरीकडे पाहणे हा संघात फार मोठा अपराध मानला जातो.

आपल्या व्यवसायातील माणसाला पटेल अशी एक गोष्ट सांगतो. आमच्या संघात हिवाळाभर चाक बदलण्याचा सराव चाले. पहिल्या महिन्यात प्रशिक्षकाने घड्याळ आणलेच नाही. तो फक्त हातांकडे पाहत असे आणि एखादी हालचाल दोन वेळा वेगवेगळ्या प्रकारे झाली की थांबवत असे. उजव्या हाताने अॅक्सल ओढलास, तर दरवेळी उजव्याच हाताने ओढ. नट हाताने दोन आटे फिरवून मगच तो आवळायची गन लाव, दरवेळी. घड्याळ दुसऱ्या महिन्यात आले, तेव्हा आम्ही वेग वाढवण्याचा वेगळा प्रयत्न न करताच बरेच वेगवान झालो होतो. ज्या दिवशी मी घाई केली, त्या दिवशी नटाचा आटा तिरका बसला आणि तो सोडवण्यात चार मिनिटे गेली. तिरका बसलेला आटा काय करतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. वरील वर्णन पूर्ण सुधारणा करण्याची मुभा असलेल्या वरच्या श्रेणीच्या गाड्यांचे आहे. सुपरस्टॉक श्रेणीत गाडी बाजारात मिळते तिच्या बरीच जवळची ठेवावी लागते आणि चाक बदलायलाही अर्थातच अधिक वेळ लागतो. आमचा संघ त्या श्रेणीतला होता.

प्रश्न : गाडीवरच्या रायडरशी संघ बोलतो कसा? हेल्मेटमध्ये फोन असतो का? (सोलापूर येथील एक वाचक)

उत्तर : नसतो. पिटच्या भिंतीवरून एक फलक दाखवतात. त्यावर पुढच्या-मागच्या गाडीशी असलेले अंतर, उरलेल्या फेऱ्या आणि आत येण्याची सूचना, एवढेच अंक आणि अक्षरे असतात. रात्री त्याला दिवे लावतात. रायडर तो सेकंदाच्या काही भागातच पाहू शकतो, म्हणून फलकावर जे लिहाल ते अचूकच असावे लागते. रायडरची बाजू ऐकायची, तर तो गाडीवरून उतरल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकावी लागते. तेव्हा त्याला सारे आठवत असते. दहा मिनिटांनी त्याला फक्त थकवा आठवतो.

प्रश्न : २०१९ च्या सुझुका ८ तासांच्या शर्यतीत जी गाडी पडली तीच विजयी कशी ठरली? यावर मित्रांशी वाद झाला असून कृपया नेमके काय घडले ते सांगावे. (पुणे येथील एक वाचक)

उत्तर : ती शर्यत मी घरी बसून पाहिली होती आणि आजही ती आठवली की अस्वस्थ व्हायला होते. जपानमधील सुझुकाची शर्यत १९७८ पासून, भर उन्हाळ्यात होते. सकाळी साडेअकराला सुरू होऊन संध्याकाळी साडेसातला, अंधारात, संपते. २०१९ मध्ये अखेरच्या काही मिनिटांत कावासाकीचा जोनाथन रे आघाडीवर होता. त्याच वेळी सुझुकी एन्ड्युरन्स रेसिंग टीमच्या गाडीचे इंजिन निकामी झाले आणि तिचे ऑइल ट्रॅकवर सांडले. त्यावरून रे घसरून पडला आणि लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवण्यात आली. लाल झेंड्यानंतर पाच मिनिटांत गाडी पिटमध्ये परतली पाहिजे, या अटीवर बोट ठेवून अधिकाऱ्यांनी प्रथम कावासाकीला निकालातून वगळले आणि यामाहाला विजयी घोषित केले. यामाहाच्या माणसांनी विजयमंचावर जाऊन आनंदही साजरा केला. कावासाकीने आक्षेप नोंदवला. लाल झेंड्याने थांबलेल्या शर्यतीचा निकाल त्याआधी पूर्ण झालेल्या फेरीवरून धरला जातो, हा नियम पुढे आला आणि काही तासांनी निकाल बदलून कावासाकी विजयी ठरली. १९९३ नंतर सुझुकात त्यांचा तो पहिलाच विजय होता. त्यामुळे आपले आणि आपल्या मित्रांचे, दोघांचेही म्हणणे त्या संध्याकाळी काही काळ बरोबर होते.

परंतु वादात सहसा निसटून जाणारी बाजू सुझुकीच्या पिटमधली आहे. वर्षभराच्या अजिंक्यपदात तो संघ आघाडीवर होता आणि ती शर्यत हंगामातील शेवटची होती. ती काही मिनिटे इंजिन टिकले असते तर जगज्जेतेपद त्यांचे होते. ते फ्रान्सच्या एसआरसी कावासाकी संघाकडे गेले. १९८० पासून सुझुकीचा हा संघ चालवणारे दोमिनिक मेलियाँ यांच्या नेतृत्वाखाली सुझुकीच्या संघाने डझनाहून अधिक जगज्जेतेपदे मिळवली होती, म्हणजे इंजिन कसे टिकवावे हे त्यांच्याइतके फार थोड्यांना कळत असेल. तरीही ते घडले. १९८५ मध्ये याच सर्किटवर केनी रॉबर्ट्स आणि तादाहिको ताइरा यांची यामाहा जवळजवळ अर्धा तास उरला असताना, आघाडीवर असूनच, बंद पडली होती. अशा वेळी पिटमध्ये काय होते, हे मी एका अगदी लहान प्रसंगातून जाणतो. कोणी ओरडत नाही. कोणीतरी जाऊन रायडरसाठी पाण्याची बाटली आणि टॉवेल तयार ठेवतो, कारण तो चालत परत येणार असतो.

प्रश्न : मी चाकणमधील एका वाहन कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करतो. मेकॅनिकल डिप्लोमा झाला आहे. अशा संघात जाण्यासाठी माझ्या कामाचा काही उपयोग होईल का, की पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागेल? (चाकण येथील एक वाचक)

उत्तर : आपल्या कामाचा उपयोग आपल्याला वाटतो त्याहून अधिक आहे. नट किती टॉर्कला आवळायचा, आवळून झाल्यावर त्यावर रंगाची खूण करायची आणि खूण नसलेला नट आवळलेला नाही असेच समजायचे, ही शिस्त आपल्या अंगवळणी पडलेली आहे. शर्यतीच्या पिटमध्ये हीच शिस्त लागते, आणि ज्याने फक्त हौशी गॅरेजात काम केले आहे त्याला ती शिकवायला एक हंगाम जातो. शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला कोणते काम अर्धवट राहिले आहे ते सांगून जाणे, हेही आपण रोज करता. पहाटे चार वाजता एक मेकॅनिक झोपायला जातो आणि दुसरा उठून त्याच्या जागी येतो, तेव्हा त्या दोघांतील दोन वाक्यांवर गाडी अवलंबून असते.

आपल्या लाइनवर आंडॉनची दोरी असेलच. दोष दिसला की ती ओढायची आणि लाइन थांबवायची, मग उत्पादन अडले तरी चालेल, असे आपल्याला प्रशिक्षणात सांगितलेले असते. आपण ती शेवटची कधी ओढली होती, आणि ओढताना हात कचरला होता का, हे स्वतःला विचारून पाहा. चांगल्या एन्ड्युरन्स संघाची पारख मी याच प्रश्नावर करतो, आणि शेवटच्या पत्राच्या उत्तरात या विषयाकडे मला पुन्हा यायचे आहे.

व्यवहाराचे सांगतो. आपल्याकडच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या दुचाकी शर्यती मोजक्या फेऱ्यांच्या असतात, २४ तासांच्या नसतात. तरी शिकण्याची सुरुवात तेथूनच करावी. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथील सर्किट आणि कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे ही या शर्यतींची मुख्य ठिकाणे आहेत. खासगी रायडरांना शर्यतीच्या दोन-तीन दिवसांसाठी विश्वासू मदतनीस हवेच असतात. तशी ओळख नसेल, तर मार्शल म्हणून स्वयंसेवा करावी. झेंड्यांचे आणि सुरक्षिततेचे नियम आतून समजतात आणि संघांची माणसे भेटतात. होसूरमध्ये १९८२ पासून चालणारा टीव्हीएस रेसिंगसारखा कारखान्याचा संघ हे पुढचे पाऊल असू शकते. पहिली दोन वर्षे नोकरी सोडू नये. या कामात सुरुवातीला पैसा नसतोच, आणि पोटाची चिंता डोक्यात घेऊन पिटमध्ये उभा राहिलेला माणूस चुका करतो.

प्रश्न : माझी मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. युरोपातील एका शर्यतीत संघाची स्वयंसेवक म्हणून जाण्याची तिची इच्छा आहे. तिला अडवायचे नाही, पण आग, वेग, रात्रीचे जागरण, हे सारे वाचून जीव घाबरतो. आई म्हणून मी नेमके काय विचारून घ्यावे? (सांगली येथील एक वाचक)

उत्तर : ताई, आपली भीती अनाठायी नाही. मुलीला अडवायचे नाही हे आपण आधीच लिहिलेत, त्यामुळे मीही मोकळेपणाने लिहितो.

सर्वांत मोठा धोका पेट्रोल भरताना असतो. म्हणून त्या वेळी गाडीजवळ असणाऱ्यांना आगीपासून संरक्षण देणारा पोशाख, डोके झाकणारे आवरण आणि हातमोजे घालावे लागतात. पहिल्याच शर्यतीत कोणताही शहाणा संघ नव्या मुलीला किंवा मुलाला पेट्रोलच्या नळीजवळ उभा करत नाही. पिटच्या गल्लीत गाड्यांना ताशी ६० किलोमीटरची मर्यादा असते, परंतु माणसाला धक्का बसण्यास तेवढा वेगही पुरेसा आहे, आणि अपघात बहुधा पहाटे होतात, जेव्हा डोळे उघडे असतात पण लक्ष नसते. म्हणून पहिला प्रश्न झोपेचा विचारावा. पाळीपाळीने झोपण्याची लेखी व्यवस्था आहे का, झोपायला जागा कोठे आहे, मुलींसाठी ती वेगळी आहे का? “सारे जागेच राहतात, मजा येते” असे उत्तर मिळाले, तर तो संघ टाळावा. आमच्याकडे प्रत्येकाला रात्रीतून दोन वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाची झोप सक्तीची होती आणि झोपायला नकार देणाऱ्याला पुढच्या थांब्याला गाडीला हात लावू देत नसत.

दुसरा प्रश्न विम्याचा. स्वयंसेवकाचा विमा संघ उतरवतो की आपण उतरवायचा, हे कागदावर असावे. तिसरा पैशाचा. लहान संघ राहणे आणि जेवण देतात. प्रवासखर्च बहुधा आपलाच असतो. त्याहून अधिक काही मागितले जात असेल, तर कशासाठी ते नीट विचारावे.

संघात मुली कमी असतात, हे खरे आहे. तरीही मोटारसायकलच्या स्पर्धांत आपल्या देशाला वाट दाखवणाऱ्यांत बंगळूरुची ऐश्वर्या पिस्से आहे. तिने २०१९ मध्ये बाहा, म्हणजे रस्त्याबाहेरच्या खडतर वाटांवरील, शर्यतींचा महिलांचा विश्वचषक जिंकला. पिटमधील कामाला ताकद लागते त्याहून अधिक नेटकेपणा लागतो, आणि त्यात मुलगा-मुलगी असा फरक मला कधी दिसला नाही.

ल माँची शर्यत एप्रिलमध्ये असते आणि रात्री चांगलीच थंडी पडते. तिला लोकरीचे पातळ आतले कपडे, कानात घालायचे बोळे आणि शेंगदाण्याचे लाडू जरूर द्या. रात्री तीन वाजता मी माझा डबा उघडला की आमचा टायरवाला कोठूनही येऊन हजर होत असे.

प्रश्न : मी गेली सहा वर्षे म्युनिकमध्ये सॉफ्टवेअरचे काम करतो. येथील ओळखीतून एका खासगी संघाने मला पुढच्या हंगामात मदतीला बोलावले आहे. गाड्यांची आवड आहे, हाताने काम येते. पण भाषा अर्धवट येते आणि माझ्या एका चुकीने सर्वांचे श्रम वाया जातील ही भीती वाटते. आपल्याकडून कधी चूक झाली का? झाली असल्यास आपण काय केले? (म्युनिक येथील एक वाचक)

उत्तर : भाषेची चिंता करू नये. पिटमधील शब्द शंभराहून अधिक नसतात आणि ते संघातील सर्वजण एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगतच असतात. समजले नाही तर मान डोलावू नये, एवढे मात्र कटाक्षाने पाळावे. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांना सभ्यतेपोटी मान डोलावण्याची सवय असते, मलाही होती.

चुकीविषयी विचारलेत, तर माझ्या दुसऱ्या हंगामातील एक रात्र सविस्तर सांगतो. पहाटेचे साडेतीन वाजले होते. आमचा रायडर तासाभरापूर्वी घसरला होता, गाडीचा पुढचा भाग दुरुस्त करून ती आम्ही पुन्हा बाहेर पाठवली होती, आणि आता ठरलेल्या थांब्याला पुढचे चाक बदलले होते. गाडी गेली आणि मी उठताना माझ्या गुडघ्याशी जमिनीवर अॅक्सलचा एक बुश पडलेला दिसला. आमच्या सुपरस्टॉक गाडीत ते बुश सुटे असत. तो आत्ताच काढलेल्या चाकाचा असेल, तर पुढचे चाक त्याशिवाय बसवले गेले होते. तो आधीच्या दुरुस्तीच्या वेळी खोक्यातून सांडलेला असेल, तर गाडी सुस्थितीत होती. चाक बसवताना दोन्ही बुश हाताला लागल्याचे मला आठवत होते, आणि आठवते आहे असे मी स्वतःला पटवत होतो की खरेच आठवते आहे, हे मला कळेनासे झाले. आम्ही आमच्या श्रेणीत पाचवे होतो. गाडी परत बोलावली तर किमान दोन जागा जाणार होत्या.

मी बुश मुठीत धरून उभा राहिलो. पडद्यावर आमची गाडी एक फेरी पूर्ण करून गेली. त्यानंतर मी प्रमुख मेकॅनिकजवळ गेलो आणि मूठ उघडली. त्याने एक शब्दही न बोलता फलकवाल्याला खूण केली. पुढच्या फेरीत गाडी आत आली, चाक काढले, आणि दोन्ही बुश जागच्या जागी होते. आम्ही सातवे झालो.

तो माझ्यावर रागावला, पण थांब्यावरून नव्हे. त्याने एकच विचारले, तू हा बुश कधी पाहिलास? मी खरे ते सांगितले, की एक फेरी आधी. त्यावर तो म्हणाला की त्या एका फेरीत रायडर ला शापेलच्या वळणावर उतारावर ब्रेक लावत होता आणि त्या वेळी संघात ही शंका ठाऊक असलेला मी एकटाच होतो. दोन जागा गेल्याचा उल्लेख त्याने त्या रात्री केला नाही आणि नंतरही केला नाही. रायडर गाडीवरून उतरल्यावर मी त्यालाही सारे सांगितले. त्याने हेल्मेट काढले, बुश हातात घेऊन पाहिला, खिशात टाकला आणि झोपायला गेला.

त्या शर्यतीनंतर आम्ही काही बदल केले. सुट्या बुशांना भडक पिवळा रंग दिला, त्यांच्यासाठी चार खळगे असलेला एक ट्रे बनवला आणि प्रत्येक थांब्यानंतर तो ट्रे मोजण्याचे काम चाकाशी संबंध नसलेल्या माणसाकडे दिले. आपण सॉफ्टवेअरमध्ये काम करता, त्यामुळे दुसऱ्याने तपासण्याचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. पहिल्या सरावाला जाल तेव्हा संघाला दोन गोष्टी विचारा. शंका आली तर ती कोणाला सांगायची? आणि तो माणूस झोपलेला असेल, तर त्याला उठवायचे का? दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर लगेच, विचार न करता आले, तर निर्धास्तपणे होकार कळवा आणि गुडघ्यांना बांधायच्या गाद्या स्वतःच्या घेऊन जा. संघाकडच्या नेहमी झिजलेल्या असतात.